मदत हवी आहे: सप्लायला लोड (करंट ओढणारं काही) लावला की +१२ कोसळतो, −१२ मात्र जागचा हलत नाही

नमस्कार मंडळी,

लालबागला आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाचा जुना माइक मिक्सर आहे. आतला पॉवर सप्लाय गेल्या पावसाळ्यात जळाला. बाकी मिक्सर ठणठणीत आहे, आवाज इतका स्वच्छ की टाकून द्यायला जीव होत नाही. त्याला +१२ आणि −१२ व्होल्ट दोन्ही लागतात. नुसता १२ चा करण्यापेक्षा कमी-जास्त करता येणारा केला तर पुढेही कामाला येईल, म्हणून तसा सप्लाय बांधायला घेतला. गणपतीला तीन आठवडे राहिलेत आणि मी अडकलोय.

सर्किट नेहमीचंच. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला १५-०-१५, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करायला चार ४००७ डायोडचा ब्रिज, दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे कॅपॅसिटर. व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर: प्लसला एलएम३१७, मायनसला एलएम३३७. दोन्हीकडे २४० ओहम आणि ५ केचा (५००० ओहमचा) पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, आऊटपुटला १० मायक्रोफॅरड. प्रत्येक २२०० वर २.२ केचा रेझिस्टर लावून एक लाल एलईडी.

३३७ आधी ३१७ सारखाच जोडला होता. नंतर डेटाशीट पाहिली. छापील अक्षरं आपल्याकडे ठेवली तर डावीकडून ३१७ चे पाय अ‍ॅडजस्ट, आऊटपुट, इनपुट असे येतात आणि ३३७ चे अ‍ॅडजस्ट, इनपुट, आऊटपुट. ते दुरुस्त केलं. ३१७ ची मागची धातूची पत्री आऊटपुटला आणि ३३७ ची इनपुटला जोडलेली असते, म्हणून हीटसिंकही वेगळे ठेवलेत.

आता अडचण. लोड नसताना दोन्ही पॉट छान चालतात, +१२.० आणि −१२.० सेट होतात. प्लसला १२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला की आऊटपुट एकदम २.५ वर येतं. मायनस १२ वरच. रेग्युलेटरच्या आधीची रीडिंग अशी:

लोड नसताना: +२१.३ आणि −२१.१
प्लसला लोड: +४.२ आणि −३७.६

प्लसचा एलईडी विझायला येतो, मायनसचा डोळे दिपवतो, आणि मायनसचा २.२ के तापून तपकिरी पडलाय. सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंना १२०-१२० ओहम लावले की सगळं सुरळीत! दोन्हीकडे १२ चे १२.

३१७ दोनदा बदलला, ब्रिज बदलला. कनेक्टरवर १५-०-१५ एसी बरोबर येतोय. मिक्सरमध्ये मीटरचा दिवा एकट्या +१२ वर आहे, त्यामुळे तिथे लोड सारखा असणारच नाही. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद १:
३१७ नकली निघतात हल्ली. दुसऱ्या दुकानातून आणून बघा. प्लसचा २२०० पण बदला.

प्रतिसाद २:
आधी सप्लाय बंद करा. ३५ व्होल्टच्या कॅपॅसिटरवर ३७.६ जातायत. त्याचं डोकं फुगलंय का ते बघा, आणि काहीही असो, दोन्ही ५० व्होल्टचे घाला.

३१७ ला दोष देऊ नका. तुमच्या रीडिंगची बेरीज करा: २१.३ अधिक २१.१ म्हणजे ४२.४. ४.२ अधिक ३७.६ म्हणजे ४१.८. बेरीज जवळपास तीच राहते, फक्त मधलं ग्राउंड सरकतं. म्हणजे सेंटर टॅप (ट्रान्सफॉर्मरची मधली ० ची तार) पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, ग्राउंडला पोचतच नाहीये.

लोडमधून ग्राउंडला आलेला करंट सेंटर टॅपमधून ट्रान्सफॉर्मरला परत जायला हवा. ती वाट तुटली की मायनसच्या बाजूनेच जावं लागतं. तिथे एलईडी आणि ३३७ मिळून जेमतेम २० मिलिअँपिअर जातात, म्हणून प्लसलाही तेवढेच मिळतात. १२० ओहमवर २० मिलिअँपिअर म्हणजे २.४ व्होल्ट. तुमच्या मीटरवर २.५ आहेत. दोन्हीकडे सारखा लोड असला की मधल्या तारेत करंटच उरत नाही, म्हणून तुटलेलं कळत नाही.

प्लग काढा, कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा, आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅगपासून थेट पीसीबीच्या ग्राउंडपर्यंत ओहम मोजा. कनेक्टरवर मोजू नका.

धागाकर्ता:
सापडलं! मीटरने काहीच दाखवलं नाही, वाट पूर्ण बंद. एसी मी कनेक्टरच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या स्क्रूवर मोजत होतो. पलीकडच्या स्क्रूने मधल्या काळ्या वायरचं प्लास्टिकच दाबून धरलं होतं, तांब्याला तो लागलाच नव्हता. वायर ओढून बघायचो तर घट्ट लागायची, त्यामुळे तिकडे संशयच गेला नाही. आता ८ मिलिमीटर सोलून, पीळ देऊन, सोल्डरचा हात फिरवून बसवली.

प्लसला १२० ओहम लावून: रेग्युलेटरआधी +२०.४ आणि −२१.०, आऊटपुट १२.०. दोन्ही एलईडी सारखे. मायनसचा कॅपॅसिटर फुगलेला नाही, तरी उद्या ५० व्होल्टचे दोन आणतो, २.२ के सुद्धा. तुमचे मनापासून आभार, मी तिसरा ३१७ आणायला निघालो होतो.

प्रतिसाद २:
छान झालं. पण सोल्डर लावलेली वायर स्क्रूखाली हळूहळू बसते आणि ढिली पडते. त्याऐवजी टोकाला दाबून बसवायची टोपी घाला, किंवा वायर थेट पीसीबीला सोल्डर करा. उद्या जाताय तर चार ४००७ जास्त आणा. मिक्सर जोडण्याआधी दोन्ही आऊटपुटला एकेक उलटा लावा: प्लसकडे डायोडवरच्या पट्टीची बाजू आऊटपुटला, मायनसकडे पट्टीची बाजू ग्राउंडला. कधी एक बाजू आधी उठली किंवा दोन्ही आऊटपुट एकमेकांना टेकले, तर दुसरा रेग्युलेटर उलट्या व्होल्टेजपासून वाचतो. उरलेले दोन डबीत ठेवा.