हिमेजीला शिनकान्सेनच हवी असं नाही

जपानमध्ये ओसाकाहून हिमेजीचा किल्ला एका दिवसात बघून होईल का, असं एकाने विचारलंय. आरामात होतं. शिनकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, खर्चही नको. जेआरची (जपान रेल्वेची) 'शिनकाईसोकु' ही जलद गाडी साध्या तिकिटात तासाभरात पोचवते. स्टेशनाबाहेर पडलं की सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो, चालत वीसेक मिनिटं. सध्याचा मुख्य बुरूज १६०९ चा, आतून सगळा लाकडी. बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे आणि जिने एकदम उभे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावा (तसाही तो बाहेरूनच जास्त देखणा आहे). शेजारच्या कोको-एन बागेसकट जोडतिकीट मिळतं. वेळ उरला तर बस आणि रोपवेने शोशा डोंगरावरच्या एंग्योजी मंदिरात जा. मला विचाराल तर तेही चुकवू नये. परतीच्या शेवटच्या रोपवेची वेळ तेवढी आधी बघून ठेवा.