हुडच्या रंगावर जाऊ नका

बोटीच्या मागे लावायच्या जुन्या मोटरीवर (आउटबोर्डवर) नंबराची पाटी नसेल तर हुडच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, रंगावरून साल ठरवा, हे वरचं मत पटलं नाही. जुन्या बाजारात पोचेपर्यंत हुड रंगवलेला असतो, कधी दुसऱ्याच मोटरीचा असतो. मोटर जॉन्सन किंवा एव्हिनरूड कंपनीची असेल तर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या अंगावर, ठोकून बसवलेली रुपयाएवढी चकती शोधा. रॉकेलच्या फडक्याने पुसली की बहुधा नंबर दिसतो. 1980 पासूनच्या मॉडेल नंबरात साल अक्षरांत असतं: ‘इंट्रोड्यूसेस’च्या (INTRODUCES) स्पेलिंगमधली दहा अक्षरं म्हणजे ओळीने 1 ते 9 आणि शेवटी 0. म्हणजे सीआर (CR) असेल तर C चे 8 आणि R चे 4, म्हणून 1984.

आणि विकणारा ‘चालू करून दाखवतो’ म्हणाला तर पाण्याच्या पिंपात बुडवूनच. कोरडी फिरवली तर इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) गेलाच म्हणून समजा, मग भाव कसला करताय!