फाइव्ह सिरीजच्या पुढच्या दाराची काच फुटली, लॅमिनेटेडच्या जागी टफन बसवली तर चालेल का?

निळी_सेडान

नमस्कार मंडळी, गाडी बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज, एफ१० पिढीतली. रात्री उभी असताना कोणीतरी पुढच्या दाराच्या काचेवर काहीतरी जड मारलंय. चोरीचाच प्रयत्न असणार, पण आतलं काही गेलेलं नाही कारण काच फुटूनही खाली पडलीच नाही, सगळी जाळी जाळी झालीये आणि फ्रेममध्येच लटकून राहिलीये, बाहेरून ढकललं की आत वाकते आणि परत येते. मला वाटायचं दाराच्या काचा फुटल्या की चुरा होऊन सीटवर पडतात, म्हणून हे बघून चक्रावलो.

आता एका काचवाल्याला फोटो पाठवले तर तो म्हणतो टफन काच देतो, फिटिंग तेच, किंमत जवळपास निम्मी, लगेच मिळेल. ओरिजिनल मागवायची तर वाट बघावी लागेल. त्याला विचारलं दोन्हीत फरक काय, तर म्हणे काही नाही हो, काच ती काच. माझं मन काही मानत नाहीये. गाडी मी खरंच मनापासून सांभाळलीये, आतली शांतता हे ती घ्यायचं मोठं कारण होतं. तर टफन बसवावी का, स्वतः दार उघडून काम करण्यासारखं आहे का, आणि काच येईपर्यंत काय करू? पाऊस कधीही येईल अशी हवा आहे.

काचेचं_काम

भाऊ सगळ्यात आधी एक, त्या दाराचं पॉवर विंडोचं बटण अजिबात दाबू नका, चुकूनही नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा आणि गाडीत विंडो लॉक असेल तरी ड्रायव्हरच्या बटणांवर टेप लावून टाका. फुटलेली लॅमिनेटेड काच खाली जायला लागली की दाराच्या पट्टीतल्या रबरात अडकते, चुरगळते, मशीनची केबल ओढली जाते आणि मग काचेबरोबर रेग्युलेटरचाही, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या त्या मशीनचाही, खर्च येतो. काही गाड्यांत दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते, तसं असेल तर दारच उघडू नका, पण तुमच्या गाडीच्या दाराला वर पूर्ण फ्रेम आहे त्यामुळे तो त्रास नाही.

ती जाळी होऊन लटकली म्हणजे तुमची काच लॅमिनेटेडच. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा पडदा असतो, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा, तुकडे त्यालाच चिकटून राहतात. समोरची विंडशील्ड असते तोच प्रकार. टफन काच वेगळी, ती एकच काच असते, सहाशे डिग्रीच्या वर तापवून एकदम हवेच्या झोताने थंड केलेली, त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट ताणाखाली असतं, एका जागी तो समतोल मोडला की सगळी काच एका क्षणात दाणे दाणे होते. तुम्हाला जे चुरा होणं माहितीये ते हेच.

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, दुसऱ्या बाजूचं पुढचं दार बघा. काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेली खूण असते, त्यात वर्तुळात ई आणि एक आकडा, शेजारी ४३आर असं काहीतरी. लॅमिनेटेड दाराच्या काचेवर रोमन अकरा असतो, म्हणजे एक्स आणि आय. टफनवर तो नसतो. कधीकधी लॅमिनेटेड किंवा टेम्पर्ड असा शब्दच लिहिलेला असतो. खूण पुसट असेल तर ती काच अर्धी खाली करा आणि वरची कड नखाएवढ्या अंतरावरून बघा, दोन काचा आणि मध्ये बारीक रेघ दिसली की विषय संपला. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून तिरकं बघा, टफन काचेत ठिपके किंवा पट्टे दिसतात, ते गार करताना राहिलेल्या ताणाचे असतात.

आणि ज्या माणसाला काच ती काच वाटते त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका, एवढंच सांगतो.

टॉर्क्स_हातात

स्वतः करायचं का याबद्दल. मी माझ्या सेडानची दारं उघडलीयेत आणि हे काम शांत डोक्याच्या माणसाला जमतं, पण काच बसवणं हा त्यातला सोपा भाग आहे, कठीण भाग म्हणजे दार आधीसारखं बंद करणं.

आधी बॅटरी काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या, कारण बऱ्याच लक्झरी सेडानमध्ये दारात एअरबॅगशी संबंधित काही ना काही असतं. जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ ई३९ फाइव्ह सिरीजमध्ये, साइड एअरबॅगच दाराच्या पॅडमागे, म्हणजे आतल्या बाजूच्या पॅनलमागे, असायची. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅग सीटमध्ये गेली पण दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर आला. कोणी बाजूने धडकलं की दाराचा पत्रा आत येतो, आतल्या हवेचा दाब वाढतो, तो सेन्सर ओळखतो. म्हणजे दाराची पोकळी कारखान्यात जशी बंद केलेली होती तशीच परत बंद झाली पाहिजे.

पॅड निघालं की मागे फोमचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो, काळ्या चिकट बुटाइलच्या दोरीने चिकटवलेला. हा पडदा म्हणजे या कामाचा जीव आहे. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आतून खाली जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, हे नॉर्मल आहे, पडदा त्या पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. घाईत काम करणारे तो ब्लेडने फाडतात आणि परत लावताना चिकटपट्टी मारतात, मग पुढच्या पावसात कार्पेटखालचा फोम पाणी पितो आणि वास सुटल्यावर माणसाला कळतं. बुटाइल हळू ओढून काढायचं, थंडी असेल तर हेअर ड्रायरने गरम करायचं, हात आणि धूळ लागू द्यायची नाही. थोडं जरी खराब झालं तरी नवीन दोरी लावा, स्वस्त वस्तू आहे.

पॅडच्या क्लिपा आधीच जास्तीच्या घेऊन ठेवा, काढताना काही तुटतातच. आणि फुटलेली काच काढताना जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. लॅमिनेटेडचा चुरा पडत नाही हे खरं पण तिची बारीक कुसळं उडतात आणि ती टफनच्या दाण्यांपेक्षा कितीतरी धारदार असतात. काचेच्या दोन्ही बाजूंना आधी रुंद टेप किंवा चिकट प्लॅस्टिक लावून घ्या, मग खालचे स्क्रू ढिले करून अख्खी चादर एका तुकड्यात वर ओढून काढता येते.

निळी_सेडान

दुसऱ्या दाराची खूण बघितली, रोमन अकरा आहे, आणि कडेला मधली रेघ स्पष्ट दिसतेय. मागच्या दोन्ही दारांवर मात्र अकरा नाही, म्हणजे मागे टफन आणि पुढे लॅमिनेटेड? असं अर्धं अर्धं का करतात? आणि मागे टफन चालते तर पुढे एका बाजूला टफन लावून असा काय मोठा फरक पडणार, हे जरा समजावून सांगा.

कमी_डेसिबल

हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबलं तर समजून घ्या. पुढच्या दाराच्या काचेला आरसा आणि ए पिलर (विंडशील्डच्या कडेचा खांब) यांच्यामुळे वाऱ्याचा सगळ्यात जास्त मार बसतो, तिथली हवा घुसळलेली असते, आणि ड्रायव्हरचा कान त्या काचेपासून हातभर अंतरावर. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर कंपन्या मागे टफन आणि पुढे लॅमिनेटेड देतात, त्यात काही गडबड नाही.

कुठलीही काच एका ठराविक फ्रिक्वेन्सीला आवाजाबरोबर स्वतःच थरथरते आणि तिथे तिची आवाज अडवायची ताकद कोसळते. चार-पाच मिलिमीटरच्या काचेत ही जागा अडीच-तीन किलोहर्ट्झच्या आसपास येते, आणि नेमका तिथेच माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. मधला पीव्हीबी त्या थरथरीची ऊर्जा खाऊन टाकतो. अकॉस्टिक म्हणून जी काच विकतात तिच्यात पीव्हीबीचेच तीन थर असतात, मधला मऊ, तो आणखी जास्त खातो. त्यामुळे एका बाजूला टफन लावली तर शहरात हळू चालवताना काही कळणार नाही, पण हायवेवर वेग वाढला की एका कानात वाऱ्याचा सूं आवाज आणि दुसऱ्या कानात शांतता असं होणार, आणि हे एकदा लक्षात आलं की मग रोज ऐकू येतं. दोन्ही बाजूंना सारखा आवाज असेल तर मेंदू सवय करून घेतो, एकाच बाजूचा खुपतो.

जाता जाता, १९९१ साली आलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू१४० एस क्लासमध्ये दारांना डबल ग्लेझिंग होतं, दोन काचा आणि मध्ये हवेची पोकळी. भारी काम होतं ते पण काचा जाड आणि वजनदार, दारं तशीच जड. आज त्याच शांततेसाठी बहुतेक ठिकाणी लॅमिनेटेड वापरतात कारण ती पातळ असते आणि नेहमीच्याच फ्रेममध्ये बसते.

रात्रपाळी

मी जरा वेगळं बोलतो. लॅमिनेटेडचं एवढं कौतुक चाललंय पण अपघातात दार अडकलं किंवा गाडी पाण्यात गेली तर ती काच फोडून बाहेर पडता येत नाही हे कोणीच सांगत नाहीये. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ साली काच फोडायची सहा हत्यारं तपासली होती, टफन काच सहापैकी चार हत्यारांनी फुटली, लॅमिनेटेडमधून बाहेर पडण्यासारखं एकाही हत्याराने जमलं नाही. माझ्या मते एखाद्या दाराला टफन असणं चांगलंच आहे, मी असतो तर तीच बसवली असती आणि उरलेले पैसे टायरवर घातले असते.

काचेचं_काम

रात्रपाळी यांचा मुद्दा खरा आहे आणि प्रत्येकाने आपल्या गाडीत कुठली काच कुठे आहे हे माहीत करून घ्यायलाच हवं, हातोडी ठेवता तर ती कुठल्या काचेवर चालणार हेही माहीत हवं. पण यांच्या गाडीत मागच्या दोन्ही काचा टफनच आहेत, म्हणजे फोडून बाहेर पडायची वाट आहे, ती मागे आहे एवढंच घरच्यांना सांगून ठेवा. उलट गाडी उलटली तर लॅमिनेटेड काच फुटूनही जागेवर राहते, माणूस किंवा हात बाहेर फेकला जाण्याची शक्यता कमी होते. आणि परवा रात्री आत हात घालता आला नाही तो कशामुळे, त्या पडद्यामुळेच ना. टफन असती तर एका फटक्यात रस्ता मोकळा होता.

शिवाय फिटिंग तेच हे बोलणं तपासून घ्या. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी रन चॅनलच्या, म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते तिच्या, रबरात काच एकतर सैल बसते आणि खडखडते, नाहीतर घट्ट होऊन मोटरवर लोड येतो. काही मॉडेलमध्ये दोन्हींची जाडी सारखी ठेवलेली असते, काहींत नसते. आणि टफन काच घरी आणून घासून, भोक पाडून जुळवता येत नाही, कडेला ग्राइंडर लागला की संपली.

ओरिजिनलच हवी असं नाही पण. या काचा गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही, सेन-गोबेन, पिल्किंग्टन, एजीसी, फुयाओ असे काचवाले बनवतात, बऱ्याचदा तीच काच गाडीच्या लोगोशिवाय स्वस्तात मिळते. मागवताना गाडीचा चासी नंबर द्या आणि तोंडाने पण सांगा, लॅमिनेटेड, पुढचं दार, कुठली बाजू, टिंट कसला, उष्णता परतवणारा कोटिंगचा प्रकार आहे का. आली की पैसे द्यायच्या आधी खूण वाचा.

निळी_सेडान

ठरलं मग, लॅमिनेटेडच घेतो. आणखी एक, भंगारात गेलेल्या तशाच गाडीची काढलेली काच मिळतेय असं एक जण म्हणाला, ती घ्यावी का? आणि तोपर्यंत पावसाचं काय?

टॉर्क्स_हातात

काढलेली काच चालते, फक्त उन्हात धरून बघा, वायपर नसला तरी काच दारात जाते तिथल्या पट्टीच्या रबराने उभे ओरखडे पडलेले असतात. आणि लॅमिनेटेडच्या कडा नीट तपासा, कडेला पांढुरकं किंवा बुडबुडे दिसले तर आत ओल शिरलीये आणि थर सुटायला लागलेत, ते वाढतच जाणार, तशी काच सोडून द्या. कडेला छोटासा टवका असेल तरी नको.

पावसासाठी, काच आहे तिथेच राहू द्या, ती अजून अर्धं काम करतेय. बाहेरून पारदर्शक जाड प्लॅस्टिक लावा, दाराच्या फ्रेमवरून घेऊन आत वळवा आणि दार बंद करून दाबून टाका. पेंटवर पॅकिंगची टेप लावू नका, उन्हात तिचा गोंद बसतो आणि काढताना क्लिअर कोटला, म्हणजे पेंटवरच्या पारदर्शक थराला, त्रास देतो, पेंटर वापरतात ती मास्किंग टेप घ्या. असं लावून हायवेवर जाऊ नका आणि त्या बाजूला कोणाला बसवू नका. इन्शुरन्समधून करणार असाल तर काही लावायच्या आधीच सगळे फोटो काढून ठेवा आणि फक्त काचेच्या क्लेमने बोनस जातो का ते पॉलिसीत वाचा.

नवी काच बसवायच्या आधी दाराचा तळ व्हॅक्यूम करा, पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना बघा, आणि रन चॅनलच्या खाचेतून बोटाला कापड गुंडाळून फिरवा. तिथे एक कुसळ राहिलं तरी नवी काच पहिल्याच वेळी वर-खाली होताना ओरखडा खाते. काच मशीनच्या क्लॅम्पमध्ये ठेवून स्क्रू हलकेच लावा, बटणाने हळूहळू वर न्या, पूर्ण वर जाऊन रबरात नीट बसली की मगच घट्ट करा, म्हणजे तिची तीच सरळ होते. त्या वेळी बॅटरी जोडावी लागणार, तेव्हा दारातला एअरबॅगचा कुठलाही कनेक्टर सुटा ठेवून इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागेल. घट्ट करताना जोर नको, काच आणि धातूच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा असतो तो जागेवर आहे का बघा.

कमी_डेसिबल

यात एक राहिलं. बॅटरी काढली, काच बदलली की एका टचमध्ये वर जाणं आणि हात अडकला तर परत खाली येणं हे दोन्ही बिघडू शकतं, कारण मोटरला काचेचं वरचं टोक कुठे आहे ते आठवत नाही. काच पूर्ण वर नेऊन बटण वरच्या दिशेला काही सेकंद धरून ठेवायचं, काही मॉडेलमध्ये आधी खाली नेऊन धरायचं मग वर, हँडबुकमध्ये असतं. झालं की गुंडाळलेला टॉवेल मध्ये धरून बघा, काच अडून मागे आली पाहिजे. हाताने तपासू नका. आणि घरात मुलं असतील तर हे तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

मग दार बंद करताना काचेच्या वरच्या कडेला रबरात कागदाची पट्टी धरा आणि ओढा, आरशाच्या कोपऱ्यापासून मागच्या टोकापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर. सगळीकडे सारखी अडत अडत यायला हवी. कुठे सहज सुटली तर तिथूनच वारा शिट्टी मारणार, तेव्हा पॅड पक्कं बसवायच्या आधीच हे करा.

निळी_सेडान

काच मागवली, चासी नंबर देऊन, लॅमिनेटेड आणि रोमन अकरा असं लिहून घेतलंय बिलावर. बुटाइलची दोरी आणि क्लिपा पण सांगितल्या. कागदाच्या पट्टीचं आधी चांगल्या दुसऱ्या दारावर करून बघतो, म्हणजे किती अडायला हवी ते हाताला कळेल.