मदत हवी आहे: एकाच जागेत घडणारे, पण नाटकाचं चित्रीकरण न वाटणारे चित्रपट सुचवा

आम्ही चौघं मित्रमैत्रिणी अधूनमधून एकत्र जमून चित्रपट बघतो. पाळीपाळीने एकाने निवडायचा, बाकीच्यांनी निमूटपणे बघायचा आणि संपल्यावर मनसोक्त भांडायचं. या वेळी निवडायची पाळी माझी. हल्ली माझ्या डोक्यात एकच खूळ आहे, ते म्हणजे एका जागेत घडणारे चित्रपट. खोली असो, गाडी असो, लिफ्ट असो, पात्रं तिथून हलता कामा नयेत.

इतक्यात बघितलेल्यांबद्दल थोडं सांगते, म्हणजे माझी आवड कळेल.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) बद्दल मी नवीन काय बोलणार! बारा ज्युरी, एक टेबल, प्रचंड उकाडा. अकरा जण आरोपीला दोषी ठरवून मोकळे झालेले आणि एकटा हेन्री फोंडा म्हणतोय, जरा बोलूया तरी. दीड तास कसा गेला कळलं नाही.

'लॉक' (२०१३) मध्ये टॉम हार्डी रात्रभर गाडी चालवतो आणि फोनवर बोलतो. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी काँक्रीट नीट ओतलं जाईल की नाही या काळजीने माझा जीव टांगणीला लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

'बरीड' (२०१०) जमिनीत पुरलेल्या पेटीत घडतो. चांगला आहे, पण पुन्हा बघणार नाही. आमच्यातल्या एकीला बंद जागेची भीती वाटते, त्यामुळे तो तसाही बाद.

'ट्रॅप्ड' मधला राजकुमार राव फारच आवडला. मधला भाग मात्र किंचित लांबलाय. सुटकेची एक युक्ती फसली की दुसरी, ती फसली की तिसरी, असं चालू राहतं.

आता अडचण सांगते. यानंतर एका गाजलेल्या नाटकावरून काढलेला चित्रपट लावला आणि अर्ध्यात बंद केला. नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून बोलत होते आणि कॅमेरा आपला जो बोलेल त्याच्याकडे वळत होता. त्यामुळे एका जागेतला चित्रपट आणि नाटकाचं चित्रीकरण यांत नेमका फरक कशाने पडतो, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

अटी: दोन तासांच्या आत, रक्ताचा सडा नको, फ्लॅशबॅक शक्यतो नकोत (ती मला पळवाट वाटते). भाषा कुठलीही चालेल. आणि कृपया शेवट फोडू नका.

---

'रिअर विंडो' (१९५४) बघितला नसेल तर बाकी सगळं राहू दे, तोच लावा. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला छायाचित्रकार, एक खिडकी आणि समोरच्या इमारतीतली बिऱ्हाडं. तो संपूर्ण चौक स्टुडिओत उभारला होता.

हिचकॉकचाच 'रोप' (१९४८) पण आहे. पार्टी सुरू आहे आणि ज्या पेटीवर जेवण मांडलंय तिच्यातच प्रेत आहे. सलग एका शॉटमध्ये घडल्याचा आभास केलाय. कॅमेऱ्यात एका वेळी साधारण दहा मिनिटांचीच फिल्म मावायची, म्हणून कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन सांधा लपवायचा. त्याबद्दल वाचायला जेवढी मजा येते तेवढी बघताना येत नाही, हे आपलं माझं मत. हिचकॉकभक्तांनी माफ करावं.

---

'रोप'बद्दल तीव्र निषेध! ती मोलकरीण पेटीवरचं सामान आवरत असते आणि बाकीची मंडळी चौकटीच्या बाहेर गप्पा मारत असतात, तो शॉट आठवा. कट नाही, संगीत नाही. ती एकेक वस्तू उचलून आत नेते, परत येते आणि आपण इकडे नखं खातोय. यात कंटाळवाणं काय आहे?

---

आपल्याकडच्यांना विसरू नका. 'इत्तेफाक' (१९६९), यश चोप्रा. नंदा आणि राजेश खन्ना, जवळपास सगळा एका घरात, एका रात्रीत. एकही गाणं नाही. त्या काळात राजेश खन्नाला घेऊन गाणी गाळायची म्हणजे धाडसच. २०१७ चा त्याच नावाचा वेगळा आहे, चुकून तो लावाल.

'कौन' (१९९९) पण आहे. बाहेर धो धो पाऊस, घरात एकटी ऊर्मिला आणि दारावर बेल वाजवणारा मनोज बाजपेयी. बाजपेयीचं ते चिकट, अतिनम्र बोलणं ऐकून भीतीही वाटते आणि हसूही येतं. पार्श्वसंगीत जरा कमी आरडाओरडा करणारं असतं तर आणखी आवडला असता. लांबीही तुमच्या अटीत बसते.

---

सुनील दत्तचा 'यादें' (१९६४) कुणी सुचवणार की नाही? पडद्यावर एकटा माणूस. बायकोमुलं घर सोडून गेलीत असं समजून तो घरभर फिरत स्वतःशी बोलत राहतो.

---

(मूळ प्रश्न विचारणारी) 'यादें'चं नाव ऐकून होते. चौघांना बसवून बघण्यासारखा आहे का? खरं सांगा.

---

खरं सांगायचं तर नाही. एकट्याने, कुतूहल म्हणून बघा. कल्पना काळाच्या फार पुढची. व्यंगचित्रं, फुगे, आवाज, सावल्या असं काय काय वापरून रिकाम्या घरात माणसं उभी केली आहेत. पण दत्तसाहेब सगळं वरच्या पट्टीत बोलतात. तुम्ही नाटकी म्हणून ज्याला नाकं मुरडताय, ते इथे भरपूर मिळेल.

---

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं लांबण लावतो.

माझ्या मते फरक जागेने पडत नाही, कॅमेऱ्याला स्वतःचं काही म्हणायचं आहे की नाही यावर पडतो. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हा सिडनी ल्युमेटचा पहिला चित्रपट, मूळ संहिता टीव्ही नाटकाची. म्हणजे तो नाटकासारखा वाटायला सगळी कारणं हजर होती. पण त्याने केलं काय, तर सुरुवातीचा भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून चित्रित केला, मधला पातळीत आणि शेवटचा खालून. त्यामुळे उत्तरार्धात खोलीचं छत दिसायला लागतं. शिवाय जसजशी चर्चा तापते तसतशी भिंगं जास्त फोकल लेंथची होत जातात, म्हणजे मागच्या भिंती माणसांच्या जवळ सरकल्यासारख्या दिसतात. खोली तेवढीच राहते आणि आपला श्वास मात्र कोंडतो. पहिल्यांदा बघताना हे लक्षात येत नाही, येऊही नये. पुन्हा बघाल तेव्हा फक्त छताकडे लक्ष ठेवा.

नाटकात प्रेक्षकाची खुर्ची हलत नाही. नाटकावरून चित्रपट करणारे पुष्कळ जण तीच खुर्ची जरा पुढे सरकवतात, की झाला क्लोजअप! तुम्ही बंद केलेल्या चित्रपटात हेच झालं असावं.

दुसरी गोष्ट आवाज. 'लॉक'मधली फोनवरची मंडळी आपल्याला कधीच दिसत नाहीत, तरी प्रत्येकाचा चेहरा आपण मनात तयार करतो. चित्रीकरणाच्या वेळी ते कलाकार एका हॉटेलात बसून हार्डीला खरोखर फोन करत होते, म्हणून त्या बोलण्यात अडखळणं आहे, एकमेकांचं वाक्य तोडणं आहे. त्या आवाजांत ऑलिव्हिया कोलमन आणि टॉम हॉलंडही आहेत, ओळखले होते का?

या न्यायाने तुम्हाला 'द गिल्टी' सुचवतो. २०१८ चा डॅनिश, दिग्दर्शक गुस्ताव म्योलर. आणीबाणीचे फोन घेणाऱ्या केंद्रात बसलेला एक पोलीस, त्याला आलेला एका घाबरलेल्या बाईचा फोन, आणि दीड तासाच्या आत सगळा खेळ खलास. रक्त दिसत नाही. जे काही भयंकर आहे ते कानावाटे आत जातं. २०२१ चा जेक जिलेनहालवाला इंग्रजी रिमेक आधी बघू नका. वाईट नाही, पण मूळ चित्रपट जिथे गप्प बसतो तिथे हा ओरडतो.

---

वरच्या प्रतिसादाला +१, एका किरकोळ दुरुस्तीसह. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पूर्णपणे एका खोलीत नाही. सुरुवातीला कोर्ट दिसतं, मधे प्रसाधनगृह आहे, शेवटी इमारतीच्या पायऱ्या. धागाकर्तीच्या नियमाने तो नापास!

---

(मूळ प्रश्न विचारणारी) प्रसाधनगृहाची सूट दिली. :) टॉम हॉलंड अजिबात ओळखला नव्हता, आता त्यासाठी 'लॉक' पुन्हा लावणं आलं.

---

नाटकाला एवढं काय वाईट म्हणताय? 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) बघा. तेंडुलकरांचं नाटक, सत्यदेव दुबेंचं दिग्दर्शन, कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी. नाटक असल्याची त्याला लाज नाही. खोटा खटला चालवणारी ती मंडळी हळूहळू बेणारेबाईंच्या अंगावर येतात, तेव्हा सुलभा देशपांडेंचा चेहरा जे करतो ते पंधराव्या रांगेतून दिसलं असतं का? कॅमेरा सतत भिरभिरला तरच सिनेमा, असं काही नाही.

---

मी भिरभिरण्याबद्दल बोललोच नव्हतो. चेहऱ्याजवळ कधी जायचं हे ठरवणं म्हणजेच कॅमेऱ्याचं म्हणणं. म्हणजे आपण दोघं एकच बोलतोय बहुतेक.

---

बहुतेक. पण मी आधी बोलले असते तर बरं झालं असतं.

---

चौघं मित्र म्हणताय, तर इटालियन 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (२०१६) चं नाव अजून कसं आलं नाही? जेवायला जमलेले जुने दोस्त आपापले फोन टेबलावर ठेवतात आणि येणारा प्रत्येक मेसेज, प्रत्येक कॉल सगळ्यांसमोर उघड करायचा असं ठरतं. इतक्या देशांत याचे रिमेक झाले की सर्वाधिक रिमेक झालेला चित्रपट म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. हिंदीतला 'खेल खेल में' (२०२४) त्यातलाच. तो पसरट आहे, मूळच बघा. फक्त संपल्यावर कुणी 'चला, आपणही खेळू' म्हणालं तर चप्पल घाला आणि निघा.

---

'सर्चिंग' (२०१८) चालेल का? सगळा संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यावर घडतो. बाप हरवलेल्या मुलीला तिच्या लॅपटॉपमधून शोधत राहतो. याला एक जागा म्हणायचं की हजार, ते तुम्ही ठरवा.

---

(मूळ प्रश्न विचारणारी) सगळ्यांचे आभार. 'सर्चिंग' बघितलाय आणि आवडलाय, पण माझ्या हिशोबात ती एक जागा नाही, कारण बातम्यांची आणि सीसीटीव्हीची दृश्यं आली की आपण बाहेर पडतोच. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' आमच्या कंपूला धोक्याचा आहे, त्यातले दोघं नवराबायको आहेत! 'रिअर विंडो' तिघांनी बघितलेला निघाला. तेव्हा या वेळी 'द गिल्टी', मूळ डॅनिश. 'शांतता!' मी एकटी बघणार आहे.

आता शेवटची शंका. 'द गिल्टी'त सगळा भर आवाजावर असेल तर सबटायटल वाचण्यात लक्ष जाऊन मजा जाईल का? इंग्रजी डबिंग असेल तर ते लावावं की नको?

---

डबिंग अजिबात नको. त्या बाईचा आवाज कापतो तो डॅनिशमध्येच ऐका, अर्थ सबटायटल सांगतील. टीव्हीचे स्पीकर क्षीण असतील तर बाहेरचा स्पीकर जोडा, कारण फोनच्या पलीकडचे बारीक आवाज, पाऊस, गाडीचे वायपर, सगळं महत्त्वाचं आहे. दिवे घालवा, आणि मधे चहा करायला कुणाला उठू देऊ नका.