'मिनिमलिस्ट' घर, 'स्लो लिव्हिंग': मराठीत काय म्हणावं?

गृहसजावटीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'स्लो लिव्हिंग'ला 'संथ जीवनशैली' आणि 'मिनिमलिस्ट' घराला 'किमानवादी घर' असं लिहिलंय. दोन्ही खटकतात. काही सुचवाल का?

---

'किमान'ला चिकटलेला अर्थ बघा. किमान वेतन, किमान गुण: याखाली जाऊ नये अशी मर्यादा. म्हणून 'किमानवादी घर' वाचलं की कसंबसं भागवलेलं घर डोळ्यांपुढे येतं. १९६०च्या दशकातल्या अमेरिकी कलाकार डॉनल्ड जडच्या कलेबद्दल लिहिताना तो शब्द चालेल, कारण तिथे ते एका कलाप्रवाहाचं नाव आहे. राहत्या घराला मात्र 'सुटसुटीत' म्हणा. त्यात वस्तू मोजक्या असणं आलं आणि वावरताना काही आड न येणंही आलं. 'टापटीप' वेगळं. खच्चून भरलेलं कपाटही टापटीप असू शकतं, सुटसुटीत नाही.

---

'अपरिग्रही घर'?

---

नको. अपरिग्रह हे व्रत आहे: योगसूत्रांतल्या पाच यमांपैकी एक, जैनांच्या पाच महाव्रतांपैकीही एक. ते माणूस पाळतो, घर नाही. फिकट भिंती आणि एकच फुलदाणी यांवर तो शब्द लादणं मला तरी पटत नाही. जुनं सामान टाकून त्याजागी मोजकं पण महागडं आणलं, तर तो अपरिग्रह कसा?

'संथ'बद्दल. पाणी संथ असतं ते छान वाटतं, पण 'काम संथ चाललंय' ही तक्रार असते. शिवाय यातला 'स्लो' मुद्दाम निवडलेला आहे. १९८६मध्ये रोममध्ये फास्ट फूडच्या दुकानाला विरोध झाला, त्यातून कार्लो पेत्रिनी यांची 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली आणि पुढे हा 'स्लो' जगण्याच्या इतर अंगांनाही लागला. घाई नाकारणं हा त्याचा गाभा. तो 'सावकाश'मध्ये आहे. 'सावकाश जेव' असं आपण मायेने म्हणतो, 'संथ जेव' कोणी म्हणत नाही. आणि सावकाश म्हणजे स + अवकाश. अवकाश म्हणजे मोकळी जागा, तशीच सवडसुद्धा ('निघायला अजून अवकाश आहे'). घरातली जागा आणि दिवसातला वेळ, तुमच्या लेखाचे दोन्ही विषय एका शब्दात आले! 'सावकाश जगणं' लिहा, 'जीवनशैली'ची गरजच नाही.

---

सहमत. लेखात 'शांत घर' असेल तर तेही तपासा. घरात कोणी नसलं तरी घर शांत असतं. 'निवांत' म्हटलं की तिथे बसलेला माणूस दिसतो.

---

आभार, 'सुटसुटीत' आणि 'सावकाश' घेतले. 'डिक्लटरिंग'ला 'पसारा आवरणं' चालेल?

---

आवरलं की वस्तू जागच्या जागी जाते, घराबाहेर जात नाही. निरुपयोगी सामानाबद्दल असेल तर 'अडगळ काढणं'. चांगल्या वस्तूही देऊन टाकायला सांगितलं असेल, तर सरळ 'सामान कमी करणं'.