आरोप करायचा तर नाव लावून करा

वाळपईकर:
गावातल्या माणसावर ऑनलाइन आरोप करायचा असेल तर तो खऱ्या नावाने करावा, असं माझं ठाम मत आहे. आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेवर बिननावाच्या फेसबुक खात्यावरून आरोप झाला, की स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतले पैसे तिने खाल्ले. चौकशीत काहीच निघालं नाही. पण तोवर पोस्ट वाड्यावाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली होती आणि मूळ खातं बंद झालं होतं. आपली गोव्यातली गावं लहान. देवळात, जत्रेत, पोदेराकडे (पाववाल्याकडे) तीच माणसं भेटतात. लिहिणारा कोण ते कळत नाही, म्हणून तिला आज प्रत्येकाचाच संशय येतो. जाब कुणाला विचारायचा तिने?

मांडवीकाठ:
वाळपईकर बाब, त्या बाईंवर अन्याय झाला यात वाद नाही. पण नावाची सक्ती केली तर पहिला गप्प बसेल तो गरीब. डोंगरकापणीचा फोटो टाकणारा मुलगा ज्याच्या जमिनीत मुंडकार आहे, म्हणजे घर करून राहतो, तोच भाटकार (जमीनमालक) डोंगर कापत असेल तर? त्याचा भाऊ कंत्राटी नोकरीवर असेल तर? गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा जागल्यांचा (व्हिसलब्लोअरचा) कायदा २०१४ मध्ये संमत झाला, तो अजून लागूच नाही. शिवाय त्यातही निनावी तक्रारीची दखल घ्यायची नाही असंच लिहिलंय. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवण्याची सक्ती करून पाहिली. २०११ मध्ये तिथे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली.

अंत्रुजकन्या:
मला हे पटत नाही. ग्रामसभेत उभ्या राहून, माईक हातात घेऊन बिल्डरविरुद्ध बोलणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांनाही घरदार आहे. माहिती अधिकाराचा अर्जही नावानेच जातो, आणि गोव्याने तो कायदा केंद्राच्या आधी, १९९७ सालीच केला होता. नावाने बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं. चार निनावी खाती बोंबलली की खरी तक्रारसुद्धा लोक उडवून लावतात.

म्हापशेकर:
१६ जानेवारी १९६७ आठवा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. आमच्या घरात आजोबा फुलाचे कट्टर, आणि आजीने दोन पानांवर शिक्का मारला. हे तिने आजोबा गेल्यावर सांगितलं. निकाल कुणाला आवडो न आवडो, मत गुप्त होतं म्हणून तिला ते देता आलं. पोर्तुगीज अमलात छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागायचा. त्या धाकात वाढलेल्यांना नाव न सांगण्याची किंमत चांगली ठाऊक होती.

वाळपईकर:
म्हापशेकर, तुमच्या आजीबद्दल आदर आहे. पण मतपत्रिकेवर शेजारणीचं नाव नसतं. तिच्या मताने कुणाची अब्रू गेली नाही. सरकार, पंचायत, बिल्डर यांच्याविरुद्ध पुरावा देणाऱ्याने खुशाल नाव लपवावं, मी आड येणार नाही. खाजगी माणसावर चोरीचा ठपका ठेवणाऱ्याला ती मुभा का? निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) खाली दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा आहे. बदनामीचं तसं नाही. तिथे बाईनेच कोर्टात जायचं, आणि तेही कुणाविरुद्ध ते माहीत नसताना.

मांडवीकाठ:
वाचकापासून नाव लपलं म्हणजे कायद्यापासून लपलं असं नाही. खात्यामागे बहुतेक वेळा मोबाइल नंबर किंवा ईमेल असतो, आयपी पत्त्याची नोंद असते. रायबंदरच्या सायबर पोलिसांना ती मागवता येते. वेळ लागतो, हे खरं दुखणं आहे, आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून भांडलं पाहिजे.

आता मला एक सांगा. ती पोस्ट ग्रुपवर पुढे ढकलणारे कोण होते? सगळे आपापल्या नंबरवरून, डीपीवर स्वतःचा फोटो लावून. एका निनावी खात्याला किती लोक ऐकतात हो? गावभर पसरवली ती नावं असलेल्यांनी. त्यातल्या एकाने तरी बाईंची माफी मागितली का?

अंत्रुजकन्या:
हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडेही असंच होतं. "आलं तसं पाठवलं" म्हणून मोकळे. पाठवणाऱ्यालाही जबाबदार धरायलाच हवं.

वाळपईकर:
नाही मागितली. दोन पंचांनीही ती पोस्ट पुढे पाठवली होती. चौकशीचा निकाल आल्यावर तो त्याच ग्रुपवर टाका म्हणून अ‍ॅडमिनना सांगितलं, तर "विषय संपला" असं उत्तर आलं. मग मीच माझ्या नावाने टाकला. त्या लोकांना सोडू नये, हे तुमचं मान्य. पण पहिली ओळ लिहिणाऱ्याला मोकळं सोडायला मी अजूनही तयार नाही.