मदत हवी आहे: खमिराचा पाठ कुठून सुरू करावा?

सर्वांना जय ख्रिस्त. जालन्याकडच्या एका खेड्यातल्या मंडळीसाठी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारचा पाठ बसवायचाय, विषय बायबलमधलं खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण. अडचण अर्थाची आहे. १ करिंथ ५:६-८ मध्ये प्रेषित पौल जुनं खमीर काढून टाका म्हणतो, लूक १२:१ मध्ये ते परूश्यांचं, म्हणजे त्या काळच्या एका यहुदी धर्मपंथाच्या लोकांचं, ढोंग. पण मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाचं राज्यच खमिरासारखं! वर लेवीय २३:१७ प्रमाणे पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या दोन भाकरी खमीर घालूनच भाजायच्या. मग ‘खमीर म्हणजे पाप’ एवढ्यावर पाठ संपवणं मला तरी अर्धवट वाटतं. थोडंसं सगळ्या गोळ्याला व्यापतं, हा त्यातला खरा मुद्दा.

प्रात्यक्षिकाला गव्हाच्या कणकेचे दोन गोळे, पाव-पाव किलोचे. एकात काल आंबवलेली लिंबाएवढी कणीक मळायची, दोन्ही ओल्या फडक्याखाली. आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात जास्त वेळ राहिलं की गोळा बसतो, आंबूस वास येतो; साधी कणीकही आपोआप आंबायला लागते, म्हणून ती ऐन वेळी भिजवायची. ज्वारीचं पीठ इथे चालत नाही. त्यात ग्लुटेन नसल्यानं हवा धरून राहत नाही, गोळा फुगत नाही.

आता विचारायचं ते असं: तरुणांसमोर आधी पौल घ्यावा की मत्तयातली खमिराची दाखला-कथा? आणि प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर वाटून खाण्याच्या विधीला) ज्वारीची भाकरी कुणी वापरता का? कॅथलिक नियमात गहूच लागतो, ते ठाऊक आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या पाळकांनी जरूर सांगावं.